दारूवरचा कर नेमका कशावर लावायचा? बाटलीवर, किमतीवर की आतल्या अल्कोहोलवर?

आडवळणी

मंडळी, दारूबंदी हवी की नको, प्यावी की पिऊ नये, हे दळण आपण सगळ्यांनी भरपूर दळून झालंय, ते इथे नको. कर लागणारच हे धरून चाला. आणि आपल्याकडचं राजकारणही कृपया बाहेर ठेवा, नाहीतर दहाव्या प्रतिसादापर्यंत धाग्याचा आखाडा होतो हे सगळ्यांना माहितीये. प्रश्न एवढाच आहे की कुठलंही सरकार असो, त्याने दारूवर कर लावायचा तर तो कशाच्या मापाने लावला म्हणजे न्याय्य म्हणता येईल?

ढोबळ तीन मापं आहेत. किमतीच्या अमुक टक्के, लिटरमागे ठरावीक रक्कम, किंवा आत शुद्ध अल्कोहोल किती त्यावर. आता साधं गणित बघा. अर्धा लिटर ५ टक्क्यांच्या बिअरमध्ये शुद्ध अल्कोहोल २५ मिली. ७५० मिलीच्या १२ टक्केवाल्या वाइनमध्ये ९० मिली. तेवढ्याच बाटलीत ४० टक्क्यांची व्हिस्की असेल तर ३०० मिली, म्हणजे व्हिस्कीची एक बाटली बरोबर बारा बिअर. लिव्हरला, गाडीच्या स्टिअरिंगला आणि घरातल्या भांडणाला हाच आकडा कळतो, लेबल कळत नाही.

किमतीवर कर लावला की काय होतं याचा नमुना म्हणजे ऑस्ट्रेलिया. तिथे बिअर आणि कडक दारूवर अल्कोहोलच्या प्रमाणात कर आहे पण वाइनवर घाऊक किमतीच्या २९ टक्के. त्यामुळे खोक्यातली स्वस्तात स्वस्त वाइन, जी झिंगण्यासाठीच घेतात, तिच्यावर अल्कोहोलच्या हिशोबाने नाममात्र कर पडतो आणि महागडी बाटली घेऊन दोन घोट पिणारा तेवढ्याच अल्कोहोलवर कितीतरी पट भरतो. २०१० मध्ये तिथल्या सरकारनेच नेमलेल्या हेन्री समितीने सांगितलं की सगळ्या पेयांना अल्कोहोलवर एकच माप लावा. अहवाल छान होता, वाइनचा कर आहे तिथेच आहे.

ब्रिटनने मात्र ऑगस्ट २०२३ पासून सगळं शास्त्र बदललं. आधी ११ टक्क्यांच्या वाइनला आणि साडेचौदाच्या वाइनला लिटरमागे सारखाच कर होता, आता जितकी कडक तितका जास्त. वाइनवाल्यांची ओरड झाली म्हणून त्यांना सवलतीचा काळ दिला, तो फेब्रुवारी २०२५ ला संपला.

माझं मत: अल्कोहोलवर कर, बाकी काही बघू नका. बोला.

खडूस_काका

सरकारला न्यायबिय काही पडलेली नसते हो. तिजोरी भरायची असते. रशियाच्या झारच्या उत्पन्नाचा पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त व्होडकातून यायचा, १९१४ ला महायुद्ध सुरू झाल्यावर बंदी घातली आणि ऐन लढाईत खजिन्याला भगदाड पडलं. अमेरिकेत उलटी गंमत, १९१३ ला आयकर आला म्हणून १९२० ला दारूबंदी परवडली, मग १९२९ नंतर मंदीत आयकर आटला की १९३३ ला दारू परत. बंदी उठायला कारणं बरीच होती पण कर हे त्यातलं मोठं कारण होतं. तुम्ही बसा मिली मोजत.

मेधाविनी

धागा आवडला. पण "बाकी काही बघू नका" हे पटलं नाही.

शुद्ध अल्कोहोल बनवायला सगळ्यात स्वस्त पडतं ते ऊर्ध्वपातन करून. बिअरमधून तेवढंच अल्कोहोल द्यायचं तर धान्य, पाणी, टाक्या, वाहतूक, थंड ठेवणं, सगळा खर्च जास्त. म्हणजे सगळ्यांना प्रति मिली सारखा कर लावलात तर दुकानात सगळ्यात स्वस्त नशा कडक दारूचीच राहणार. शिवाय बारा बिअर एका बैठकीत पोटात मावत नाहीत, एक बाटली व्होडका मावते आणि माणूस दवाखान्यात जातो. म्हणून बहुतेक देशांत कडक दारूला प्रति मिली दर जास्त आहे आणि मला तो अन्याय वाटत नाही. माप अल्कोहोलचं असावं हे मान्य, पण दर चढता असावा.

आडवळणी

@मेधाविनी, चढता दर एका अटीवर मान्य. दर टक्केवारीवरून चढावा, पेयाच्या नावावरून नाही. एकदा का "हे बिअर, ते अमुक" असं सुरू झालं की कंपन्यांची प्रयोगशाळा कामाला लागते.

जपान बघा. तिथे बिअरचा कर ठरायचा तो त्यात माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, किती यावर. मग कंपन्यांनी कमी माल्टची 'हाप्पोशु' काढली. सरकारने तिच्यावर कर वाढवला तर वाटाण्याच्या प्रथिनापासून माल्टच नसलेली बिअरसारखी 'तिसरी' जात काढली. चव बिअरची, झिंग बिअरची, कर कमी. वीस-पंचवीस वर्षं हुशार इंजिनिअर लोक कर चुकवणारी बिअर शोधत बसले. शेवटी सरकारने टप्प्याटप्प्याने सगळ्यांचा दर जवळ आणत ऑक्टोबर २०२६ ला एकच दर करायचं ठरवलं, ३५० मिलीला ५४.२५ येन.

फिलिपिन्सने तर कच्च्या मालावरून दर ठरवले होते. ऊस किंवा नारळाच्या झाडापासूनच्या दारूवर किरकोळ कर, बाकी धान्यवगैरेच्या आयात दारूवर १० ते ४० पट. जागतिक व्यापार संघटनेत हरले २०११ मध्ये आणि पुढच्या वर्षी कायदा बदलावा लागला. जपान पण आपल्या शोचूला, म्हणजे देशी कडक दारूला, झुकतं माप दिलं म्हणून १९९६ ला तिथेच हरला होता.

द्राक्षबाग

शेतकऱ्याचं काय मग? वाइन ही द्राक्षातूनच येते, कारखान्यात अल्कोहोल बनवून पाणी घातलं असं नाही. युरोपियन युनियनमध्ये वाइनवरचा किमान कर शून्य ठेवलाय तो उगाच नाही, इटली, स्पेन, जर्मनी तिन्हीकडे साध्या वाइनवर एक्साइज शून्य आहे. लाखो लोक द्राक्षमळ्यांवर जगतात. सगळ्यांना एका तराजूत घालायचं म्हटलं की छोटा माणूस मरतो आणि मोठ्या डिस्टिलरीचं काही बिघडत नाही.

मेधाविनी

@द्राक्षबाग, शेतकऱ्याला मदत करायची तर थेट अनुदान द्या ना. पिणाऱ्याच्या बाटलीतून वळसा घालून कशाला? शून्य कराचा फायदा मळेवाल्याला किती मिळतो आणि सुपरमार्केटला किती, हे कोण मोजतंय? शिवाय बार्ली पिकवणारा शेतकरी नाही का? जर्मनीत बिअरवर कर आहे आणि वाइनवर नाही, बार्लीवाल्याने काय घोडं मारलंय?

छोट्या उत्पादकाला सूट हा वेगळा मुद्दा, ती बऱ्याच देशांत मिळते आणि ती पेयावर नसून वर्षाला किती माल काढता त्यावर असते. त्याला माझी ना नाही.

द्राक्षबाग

बाटलीतून वळसा चांगला म्हणते मी, अनुदान दर निवडणुकीला बदलतं. असो. मत बदलणार नाही माझं, तुमचं चालू द्या.

रातराणी_

मी पीत नाही त्यामुळे आधीच सांगते माझा कल कुठे आहे. तुम्ही लोक मिलीवर वाद घालताय पण खरा प्रश्न हा की कर भरतो कोण. श्रीमंत माणसाच्या उत्पन्नात दारूचा खर्च दिसतही नाही आणि गरीब घरात मात्र तोच खर्च दुधाच्या आणि फीच्या पैशातून जातो. पिणारा कर वाढला म्हणून पिणं सोडत नाही, घरच्यांचं कमी करतो. मग अल्कोहोलवर कर "न्याय्य" कसा झाला? स्वस्त पिणारा त्याच्या बाटलीच्या किमतीत अर्ध्याहून जास्त कर भरेल आणि महाग पिणारा पाच टक्के. किमतीवरचा कर निदान श्रीमंताकडून जास्त तरी घेतो.

हिशोबनीस

@रातराणी_, मुद्दा वजनदार आहे पण एक बाजू राहिली. पैशाचा बोजा गरिबावर जास्त हे खरं. पण दारूने मरण्याचा बोजाही गरिबावरच जास्त आहे, तेवढीच किंवा कमी पिऊनसुद्धा. ब्रिटनमधल्या आरोग्यवाल्यांना हे कोडं बरीच वर्षं छळतंय.

फिनलंडने याचा उलटा प्रयोग करून दाखवलाय, नकळत. मे २००४ ला शेजारचा एस्टोनिया युरोपियन युनियनमध्ये येणार होता, तिथून लोक गाड्या भरभरून स्वस्त दारू आणतील या भीतीने फिनलंडने मार्चमध्येच दारूवरचा कर सरासरी एक तृतीयांश कमी केला. स्वस्त झाल्याचा फायदा गरिबाला व्हायला हवा होता ना? त्या वर्षी खप १० टक्क्यांच्या आसपास वाढला आणि दारूमुळे होणारे मृत्यू वाढले ते मुख्यतः कमी उत्पन्नवाले, बेरोजगार अशा लोकांत. पुढे २००८ पासून त्यांनी कर परत चढवायला सुरुवात केली.

आणि "कर वाढला तरी सोडत नाही" हे अर्धंच खरं आहे. शंभरावर अभ्यास एकत्र करून २००९ मध्ये जो हिशोब झाला त्यात किंमत १० टक्के वाढली की बिअरचा खप साडेचार टक्क्यांच्या आसपास, वाइनचा ७ आणि कडक दारूचा ८ टक्के घटतो असं निघालं. जास्त पिणाऱ्यांमध्ये घट याच्यापेक्षा कमी, पण शून्य नाही.

रातराणी_

घट होते ते ठीक आहे. पण ज्या घरात ती घट होत नाही त्या घराचं काय ते सांगा की. सरासरीने कुणाच्या घरी दूध येत नाही.

हिशोबनीस

बरोबर आहे, त्याला कराकडे उत्तर नाहीच, तिथे व्यसनमुक्ती केंद्र आणि उपचार लागतात. स्कॉटलंडच्या अनुभवातही नेमकं हेच दिसलं. प्रतिसाद मोठा होणार आहे, सांभाळून घ्या.

स्कॉटलंडने कर लावलाच नाही (तो अधिकार लंडनकडे), त्यांनी किमान किंमत ठरवली. एका युनिटला, म्हणजे १० मिली शुद्ध अल्कोहोलला, ५० पेन्सच्या खाली विकायचं नाही. कायदा २०१२ चा, व्हिस्कीवाल्यांची संघटना कोर्टात गेली, सुप्रीम कोर्टापर्यंत भांडण चाललं आणि अंमल व्हायला १ मे २०१८ उजाडला. तिथे साडेसात टक्क्यांचं पांढरं सायडर (सफरचंदाची दारू) मिळायचं तीन लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीत. जुन्या करपद्धतीत सायडरला साडेसात टक्क्यांपर्यंत एकच हलका दर होता म्हणून ते बरोबर साडेसातचंच बनवायचे, आडवळणींच्या जपानी गोष्टीचा हा ब्रिटिश अवतार. त्या बाटलीत साडेबावीस युनिट, म्हणजे नवीन किंमत किमान ११ पौंड २५ पेन्स. ते सायडर दुकानांतून जवळपास नाहीसंच झालं. आणि पबमध्ये बसून पिणाऱ्याला, चांगली व्हिस्की घेणाऱ्याला एका पेनीचाही फरक नाही, कारण त्यांची किंमत आधीच वर होती. म्हणजे नेम बरोबर लागला. २०२३ च्या मूल्यमापनात थेट दारूमुळे होणारे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी झाल्याचा अंदाज आला, तोही जास्त करून गरीब वस्त्यांत. पण ज्यांना पक्कं व्यसन आहे त्यांनी पिणं फारसं कमी केलं नाही, काहींनी जेवणावरचा खर्च कापला. रातराणी म्हणतायत तेच.

सप्टेंबर २०२४ मध्ये ती किंमत ६५ पेन्स केली.

खडूस_काका

आणि वरचे पैसे कुणाला? दुकानदाराला आणि कंपनीला! सरकारला दमडी नाही. वा रे न्याय. कंपनीने कमी माल विकून जास्त नफा कमवायचा आणि वर जनतेच्या आरोग्याचं नाव.

हिशोबनीस

काका, या एका बाबतीत तुमच्याशी शंभर टक्के सहमत. किमान किंमत हे चांगलं हत्यार आहे पण तो कर नाही. म्हणून माझं म्हणणं दोन्ही एकत्र हवं: खाली किमान किंमत, वर अल्कोहोलवरचा कर, आणि तो कर एवढा असावा की किमान किमतीतला बराचसा वाटा सरकारकडेच यावा.

कोरडवाहू

सगळे कागदावर चाललेत. कर वाढला की हातभट्टी पेटते हे कुणी लिहिणार आहे का? लंडनमध्ये जिन माजली म्हणून १७३६ ला गॅलनमागे २० शिलिंग कर आणि ५० पौंडाचं लायसन केलं, लायसन जवळपास कुणीच घेतलं नाही, जिन तशीच वाहत राहिली, सात वर्षांत कायदा गुंडाळला. गोर्बाचेव्हने १९८५ ला दारू आवळली, पुरुषांचं आयुर्मान दोन-तीन वर्षं वर गेलं हे मान्य करतो, पण घरोघरी समागोन, म्हणजे तिथली हातभट्टीची दारू, गाळायला लागले आणि दुकानातून साखर गायब, खजिना रिकामा, पुढचं माहिती आहे. तुर्कस्तानात कर दर जानेवारी-जुलैला महागाईप्रमाणे आपोआप वाढतो, तिथे २०२४ च्या शेवटी आणि २०२५ च्या सुरुवातीला इस्तंबूल अंकारा धरून शंभरावर माणसं मिथेनॉलने मेली. आंधळी झाली ती वेगळी. ह्या मेलेल्यांना कुठल्या खान्यात मोजता तुम्ही?

केनियाने शहाणपणा केला होता. २००४ ला पिंपातल्या स्वस्त बिअरला करमाफी दिली म्हणजे गरीब माणूस चांगाकडे, म्हणजे तिथल्या गावठी दारूकडे जाणार नाही. पुढे त्यात तिथलीच ज्वारी वापरायला लागले, शेतकरी पण खूश. २०१३ ला सरकारला पैशाची गरज पडली, निम्मा कर लावला, विक्री धाडकन आपटली. २०१४ ला विषारी दारूने कितीतरी लोक गेले. २०१५ ला सवलत परत वाढवली.

मेधाविनी

@कोरडवाहू, केनियाचं उदाहरण भारी आहे, हे माहिती नव्हतं. पण त्यातून "कर कमी ठेवा" असं निघतं का? मला निघालेलं दिसतं ते असं की सगळ्यात सौम्य आणि सुरक्षित पेय सगळ्यात स्वस्त असावं. ते अल्कोहोलवरच्या चढत्या दरात बसतंच की.

तुर्कस्तानात पगार आणि दारूची किंमत यांच्यातलं अंतर अफाट झालं होतं. लिथुआनियाने २०१७ ला बिअर आणि वाइनवरचा कर एका झटक्यात दुपटीच्या वर नेला, पुढच्या वर्षी पिण्याचं वय २० केलं, तिथे असं काही झालं नाही. पोलीस आणि एक्साइज खातं कसं आहे यावर बरंच ठरतं.

कोरडवाहू

तेच तर. खातं कसं आहे ते आधी बघा मग दर ठरवा. उलटं करतात सगळे.

सीमावासी

लिथुआनियाचं नाव निघालंच आहे तर शेजारची गोष्ट सांगतो. एस्टोनियाने २०१७ ला बिअरवरचा कर ७० टक्क्यांनी वाढवला. लोक काय करणार, सरळ दक्षिणेला लाटव्हियात. हद्दीवर दारूची भली मोठी दुकानं उघडली, आणि जे फिनिश लोक एस्टोनियात यायचे तेही पुढे लाटव्हियापर्यंत जायला लागले. २०१९ च्या जुलैत एस्टोनियाने बिअर आणि कडक दारूवरचा कर २५ टक्के उतरवला तर लाटव्हियाने लगेच आपलाही कडक दारूवर १५ टक्के उतरवला, गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून. दोघांच्या भांडणात दर खाली. तेव्हा न्याय्य दर किती हे एकट्या सरकारने ठरवून भागत नाही, पलीकडच्याशी बोलायला लागतं. युरोपियन युनियनने १९९२ ला किमान दर घालून दिले ते यासाठीच, कडक दारूला शुद्ध अल्कोहोलच्या १०० लिटरमागे ५५० युरो. पण ते आकडे तेव्हापासून वाढवलेलेच नाहीत, आता त्यात दम राहिला नाही.

आडवळणी

सीमावासींनी शेवटी जे लिहिलं तो खरं तर स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. रकमेत लावलेला कर महागाईबरोबर वाढवला नाही तर तो दरवर्षी गुपचूप कमी होत जातो, कुणाला मत द्यावं लागत नाही, सभागृहात चर्चा नाही. अमेरिकेत कडक दारूवरचा केंद्राचा दर प्रूफ गॅलनला (म्हणजे ५० टक्के अल्कोहोलच्या एका गॅलनला) साडेतेरा डॉलर आहे, १९९१ पासून तोच. दरम्यान तिथली महागाई दुपटीच्या वर गेली म्हणजे खरा कर निम्म्याहून कमी उरला. दारू कंपन्यांना लॉबिंग करून जे मिळालं नसतं ते नुसतं गप्प बसून मिळालं. त्यामुळे आपोआप वाढ हवीच. कोरडवाहू तुर्कस्तान दाखवतील, पण तिथे मुळात महागाईच ४०-५० टक्क्यांच्या घरात होती, तशा ठिकाणी कुठलंच सूत्र नीट चालत नाही. ऑस्ट्रेलियात बिअरचा दर वर्षातून दोनदा महागाईप्रमाणे वाढत आलाय आणि तिथे हातभट्ट्या लागल्या नाहीत. तरी तिथेही राजकारण आलंच, ऑगस्ट २०२५ पासून नळावरच्या बिअरची वाढ दोन वर्षं थांबवली.

रातराणी_

आणि आलेला पैसा? तो व्यसनमुक्तीला, बायकामुलांना जाणार का? थायलंडमध्ये २००१ पासून दारू-तंबाखूच्या करावर २ टक्के अधिभार थेट आरोग्य निधीला जातो, फिलिपिन्सने २०१२ च्या कायद्यात मोठा हिस्सा गरिबांच्या आरोग्य विम्याला लावला. हे केलं तर मला तुमचं मिलीचं माप चालेल. नाही केलं तर तो कर नुसता गरिबाच्या खिशातून काढलेला पैसा आहे, नाव काही द्या.

खडूस_काका

राखीव निधीचा तोटा असा की मग हॉस्पिटलचा पंखा फिरायला लोकांनी प्यायला पाहिजे. खप घटला की निधी घटला.

रातराणी_

खप घटला तर पेशंटही घटतील की काका.

खडूस_काका

लिव्हर बिघडायला वीस वर्षं लागतात, बजेट दरवर्षी येतं.

पेलाभर

मी पिणारा आहे, धाग्यावर एकटाच दिसतोय कबूल करणारा. मला ब्रिटनच्या २०२३ च्या बदलातलं एक आवडलं ते कुणी लिहिलं नाही. साडेतीन टक्क्यांच्या खालच्या बिअरला दर एकदम कमी, म्हणून काही कंपन्यांनी आपल्या चालू बिअर चक्क ३.४ वर आणल्या. लाखो लोक न कळत थोडी कमी दारू पितायत, कुणी उपदेश केला नाही, कुणी सोडली नाही. दुसरं म्हणजे पबमध्ये पिंपातून ओतून देतात त्या बिअरला कर थोडा कमी. सुपरमार्केटमधून क्रेट नेऊन घरी एकट्याने पिण्यापेक्षा चार लोकांत बसून प्यालेली बरी असा विचार असेल.

मेधाविनी

@पेलाभर, ३.४ चं बरोबर, पण त्यातही कंपन्यांनी किंमत तेवढी उतरवली नाही अशी तक्रार आहेच तिथे. पाणी वाढलं, कर घटला, ग्लासची किंमत तीच. आणि पायरी असली की सगळे पायरीच्या खाली येऊन उभे राहतात, साडेसातच्या सायडरसारखं. पायऱ्यांऐवजी सरळ उतार ठेवता आला तर बघा, दर ०.१ टक्क्याला थोडा थोडा.

पेलाभर

उतार चालेल. पण मग ०.५ वाल्या बिअरचं काय, तिला दारू धरायची की सरबत? तिच्यावर एक्साइज लावला तर सोडू पाहणाऱ्याला शिक्षा, आणि नाही लावला तर कंपनी तेच नाव, तोच लोगो घेऊन पोरांच्या क्रिकेट मॅचला जाहिरात लावते.

आडवळणी

कर शून्य आणि जाहिरातीला दारूचेच नियम. अल्कोहोलवर कर म्हटल्यावर अल्कोहोल नाही तिथे कर नाही, त्यात मला अडचण दिसत नाही. जाहिरातीवर वेगळा धागा काढा पेलाभर, मी येतो तिथे.